मदतीसाठी गायचं ठरवलंय, तर पुढच्या वर्षीचा विचार आजच करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या विदर्भातल्या, सध्या जर्मनीत हॉखशूलमध्ये, म्हणजे संगीताच्या उच्च शिक्षणसंस्थेत, ऑपेरा गायन शिकताय, आवाज सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचा सगळ्यात उंच पट्टीचा. कॅन्सरच्या उपचारासाठी लहान मुलांना घेऊन मुंबईत येणाऱ्या कुटुंबांना राहायला जागा मिळावी, यासाठी तुम्हाला काही करायचं आहे. गावातल्या चर्चमध्ये मैफल करावी आणि जमतील ते पैसे भारतात पाठवावेत, असा बेत आहे. त्यावर तुमचे सर म्हणाले की अशा मैफलींत हाती काही लागत नाही, त्यापेक्षा दोन लग्नांत गा आणि ते मानधन पाठवून दे. तुम्ही विचारलंय, कुणाचं ऐकू?

मी जर्मनीतच एका ऑपेरा हाऊसच्या कोरसमध्ये मेझो, म्हणजे सोप्रानोच्या खालच्या पट्टीत, गाते, आणि मदतनिधीच्या मैफली बरीच वर्षं करते आहे. कधी चर्चमध्ये, कधी शाळेच्या सभागृहात, कधी महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला. माझं मत सुरुवातीलाच सांगते. मैफल एकदाच करणार असाल तर सरांचं ऐका. पुढची पाच वर्षं त्याच कामासाठी, त्याच गावात, दरवर्षी गाणार असाल तर मैफल करा. का, ते आता सविस्तर.

आधी सरांचं गणित करून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, गावागणिक ते बदलतात. चर्चमध्ये दीडशे माणसं मावतात आणि तुम्ही अजून अनोळखी आहात, तेव्हा नव्वद माणसं आली तर चांगलंच म्हणायचं. प्रवेश विनामूल्य, बाहेर पडताना टोपलीत ऐच्छिक देणगी, ही इथली रूढ पद्धत. माणशी सरासरी १२ युरो धरले तर जमले १,०८० युरो. आता खर्च. पियानोवादकाचं मानधन ३५०, पियानोचं ट्यूनिंग १३०, चर्चची हीटिंग आणि साफसफाई १५०, पोस्टर आणि कार्यक्रमपत्रिका ९०. म्हणजे ७२० युरो गेले, उरले ३६०. त्यासाठी तुमचे तालमीचे किती दिवस गेले ते धरलेलंच नाही. दोन लग्नांत गाऊन याहून जास्त मिळेल, हे अगदी खरं.

पण याच गणितातल्या दोन गोष्टी बदलता येतात. पहिली, खर्च आधीच कुणाकडून तरी उभा करणं. गावातली बँक, एखादं दुकान, महाराष्ट्र मंडळ, कुणी निवृत्त डॉक्टर, अशा तीनचार जणांनी मिळून ते ७२० युरो मैफलीआधी दिले, तर टोपलीतला प्रत्येक युरो कामाला जातो आणि तुम्ही ते मंचावरून निःसंकोच सांगू शकता. हे एक वाक्य ऐकल्यावर माणसं हात आखडता घेत नाहीत, हा माझा अनुभव आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या नव्वद जणांपैकी फक्त दहा जणांनी बँकेत महिना १० युरो आपोआप पाठवत राहण्याची स्थायी सूचना दिली, तर वर्षाचे १,२०० युरो होतात. मैफलीच्या टोपलीपेक्षा जास्त, आणि तुम्ही आजारी पडलात, घसा बसला, तरी येत राहणारे. लग्नातले पाहुणे हे कधीच करणार नाहीत, कारण ते तुमच्या कामासाठी आलेले नसतात.

म्हणून मी नेहमी म्हणते, मैफलीत पैसे गोळा होतात ते थोडे. माणसं गोळा होतात ती महत्त्वाची. आणि माणसं टिकायला वेळ लागतो.

हे आजचं नाही. अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याचं घ्या. लंडनमध्ये टाकून दिलेल्या बाळांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल नावाची संस्था होती, तिला १७३९ मध्ये राजाची सनद मिळाली होती. हँडेलनं १७४९ मध्ये तिच्यासाठी पहिली मैफल केली. १७५० च्या मे महिन्यात त्यानं तिथल्या चॅपेलमध्ये आपला 'मसाया' हा ऑरेटोरिओ, म्हणजे अभिनयाशिवाय गायची मोठी धार्मिक संगीतरचना, सादर केला. इतकी गर्दी झाली की लोकांना परत पाठवावं लागलं आणि पंधरा दिवसांत पुन्हा प्रयोग लावावा लागला. त्यानंतर दरवर्षी तोच प्रयोग, त्याच चॅपेलमध्ये, त्याच मुलांसाठी. १७५९ मध्ये हँडेल गेला, तरी प्रयोग पुढे अनेक वर्षं चालू राहिले. मृत्युपत्रात त्यानं त्या रचनेची एक संपूर्ण स्वरलिपी आणि वादक-गायकांच्या प्रती त्या संस्थेच्या नावे केल्या. लंडनच्या श्रोत्यांना ती संस्था आणि ती रचना यांची सांगड अशी पाठ झाली की वर्षातून एकदा तिथं जायचं हे ठरूनच गेलं. तुम्हाला जमवायची आहे ती हीच सवय.

त्याच रचनेचा पहिला प्रयोगही मदतीसाठीच होता. डब्लिन, १३ एप्रिल १७४२. कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांची सुटका आणि दोन रुग्णालयं यांच्यासाठी. जास्त माणसं मावावीत म्हणून स्त्रियांनी घेरदार घागऱ्याखालचे सांगाडे न घालता यावं आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, असं आधी जाहीर केलं होतं. त्या प्रयोगाच्या पैशातून १४२ कैदी सुटले. मला यात आवडतं ते हे, की आयोजकांनी खुर्च्यांचा विचार केला. किती माणसं बसतील यावर किती जण सुटतील हे ठरणार होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता आपल्या काळातलं आणि तुमच्या विषयाच्या अगदी जवळचं उदाहरण, होसे कारेरास. याच्याकडे जरा सावकाश बघू. बार्सिलोनाचा हा टेनर, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीतला गायक, १९८७ मध्ये पॅरिसला ऑपेराच्या चित्रपटाचं काम करत असताना आजारी पडला आणि ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, निदान झालं. अमेरिकेत सिअ‍ॅटलला त्याच्यावर अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं. मज्जा त्याची स्वतःचीच होती, काढून प्रक्रिया करून परत घातलेली. तो वाचला. १९८८ च्या जुलैमध्ये बार्सिलोनात त्यानं ल्युकेमियासाठी प्रतिष्ठान काढलं आणि त्याच महिन्यात शहरातल्या कमानीपाशी उघड्यावर गायला. सुमारे दीड लाख लोक जमले होते. दोन वर्षांनी, ७ जुलै १९९० ला, फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, रोममधल्या काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पाव्हारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तीन टेनर एकत्र गायले. वाद्यवृंदाचं संचालन आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी केलं. मैफल कारेरासच्या प्रतिष्ठानाच्या मदतीसाठी होती.

तीन टेनर म्हटलं की लोकांना ती रात्र आठवते. तुम्ही मात्र त्यानंतर काय झालं ते बघा. १९९१ मध्ये प्रतिष्ठानानं स्पेनमध्ये अस्थिमज्जादात्यांची राष्ट्रीय नोंदणी सुरू केली. कारण साधं आहे. ज्या रुग्णाला स्वतःची मज्जा चालत नाही आणि घरात कुणाची जुळत नाही, त्याला एखादा अनोळखी दाता लागतो, आणि तो सापडायचा तर आधी लाखो लोकांची नोंद हवी. एका रुग्णाच्या खाटेचा खर्च कुणीही दानशूर देऊ शकतो. ही नोंदणी मात्र वर्षानुवर्षं पैसे आणि विश्वास ओतल्याशिवाय उभी राहत नाही. १९९५ पासून जर्मनीतही त्याचं वेगळं प्रतिष्ठान आहे आणि त्याच वर्षापासून डिसेंबरच्या सुमारास त्याची दूरदर्शनवरची गाला सुरू झाली. तुमच्या शेजारच्या आजीबाईंना विचारा, त्यांना ती माहीत असेल.

यातून मी एक गोष्ट थेट उचलली आहे. श्रोत्याला पैशाखेरीज करण्यासारखं दुसरं काहीतरी द्यावं. माझ्या मैफलींत, जिथं आयोजक मान्य करतात तिथं, बाहेर एका टेबलावर मज्जादाता म्हणून नाव नोंदवायची सोय असते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, फॉर्म भरायचा, झालं. जर्मनीत डीकेएमएस ही संस्था ते करते, सतरा ते पंचावन्न वयाच्या निरोगी माणसांसाठी. आपल्या लोकांसाठी हे किती गरजेचं आहे ते सांगते. मज्जा जुळण्याची शक्यता समान वंशाच्या माणसांत जास्त असते, आणि जगभरच्या नोंदींत भारतीय वंशाचे दाते फार कमी आहेत. यवतमाळच्या एखाद्या मुलीला जुळणारा दाता म्युनिकच्या महाराष्ट्र मंडळात बसलेला असू शकतो. ज्याच्याकडे द्यायला दहा युरो नाहीत असा विद्यार्थीही हे करू शकतो. तुमचा विषयच मुलांचा कॅन्सर आहे, तेव्हा तुमच्या मैफलीत हे टेबल असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आता काम कुणाचं धरायचं. "कॅन्सरग्रस्त मुलांसाठी" एवढं पुरत नाही, एक संस्था धरा. मुंबईत राहण्याच्या सोयीचं काम करणाऱ्या संस्था आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांचा आधार आहे. मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा ज्या संस्थेचा विचार कराल तिथं स्वतः जाऊन या. तिथल्या व्यवस्थापकांना विचारा, एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च किती येतो आणि त्यात काय काय धरलं आहे. हा एक आकडा तुमच्या मैफलीत तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडेल. आवाहनात "मदत करा" म्हणण्याऐवजी "एका कुटुंबाला महिनाभर छप्पर द्यायला इतके लागतात" असं सांगता आलं पाहिजे.

दुसरा प्रश्न त्यांना लेखी विचारा : परदेशातून देणगी घ्यायची एफसीआरए नोंदणी तुमच्याकडे आहे का आणि ती चालू आहे का? बहुतेक उत्साही लोक इथं अडतात. परदेशी नागरिकांनी दिलेला पैसा भारतातल्या संस्थेला या नोंदणीशिवाय घेता येत नाही, आणि तो दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या कमाईतून पाठवलेला पैसा यात धरला जात नाही, म्हणून काहींना वाटतं की टोपलीतला पैसा आपल्या खात्यात भरावा आणि आपल्या नावानं पाठवावा. हे करू नका. तो पैसा तुमचा नाही, जर्मन श्रोत्यांचा आहे, आणि असं केल्यानं अडचणीत येते ती संस्था. ओसीआय कार्ड असलेले, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले, आपले लोकही या कायद्यापुरते परदेशी धरले जातात, तेही मंडळातल्या मित्रांना सांगा. नियम बदलत असतात, म्हणून दरवर्षी नव्यानं विचारायचं.

जर्मनीच्या बाजूनंही तुमचं वैयक्तिक खातं मध्ये येऊ देऊ नका. सार्वजनिक हिताची म्हणून मान्यता असलेला एखादा नोंदणीकृत फेराइन, म्हणजे संस्था किंवा मंडळ, शोधा, चर्चचा, रोटरीचा, किंवा भारतातल्या कामाला मदत करणारा. परदेशी पैसे पाठवणं त्यांच्या नियमावलीत बसतं का, हे आधी विचारा. टोपली त्यांची, खातं त्यांचं, देणगीची पावती त्यांची. पावतीबद्दल लोकांना नेहमी एक गैरसमज असतो : तिकिटाच्या किमतीवर देणगीची पावती मिळत नाही, कारण तिकिटाच्या बदल्यात तुम्ही गाणं ऐकता. ऐच्छिक देणगीवर मिळते. ३०० युरोपर्यंत करखात्याला बँकेचं विवरणही चालतं, पण टोपलीत टाकलेल्या रोख नोटेचा काही पुरावा राहत नाही. म्हणून टोपलीशेजारी खाते क्रमांक छापलेली पाकिटं ठेवा.

मानधनाबद्दल मी जरा ठासून बोलणार आहे, कारण यात दुसऱ्यांवर अन्याय होतो. पियानोवादकाला पूर्ण मानधन द्या. त्यानं स्वतःहून सोडलं तर गोष्ट वेगळी, पण "चॅरिटी आहे, तुम्हीही फुकट वाजवाल ना?" असं विचारूच नका. या प्रश्नाला नाही म्हणणं त्याला अवघड असतं, आणि महिन्यात असे चार फोन त्याला येत असतात. दानाची इच्छा तुमची आहे, तर त्यासाठी पदरमोडही तुमची असावी.

तुमच्या स्वतःच्या मानधनाचं काय, ते परिस्थितीवर आहे. माझा कल असा, की जिथं बाहेरचा आयोजक आहे तिथं पूर्ण मानधन ठरवून घ्यावं आणि मग त्यातून द्यावं. येनी लिंडनं हेच केलं. १८५० मध्ये ही स्वीडिश सोप्रानो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली तेव्हा बार्नमसारख्या मुरलेल्या आयोजकाकडून तिनं दीडशे मैफलींचे, मैफलीला हजार डॉलरप्रमाणे, पैसे खर्चासकट आधीच लंडनच्या बँकेत जमा करून घेतले. एकूण १,८७,५०० डॉलर. मग न्यूयॉर्कच्या पहिल्याच मैफलीतला स्वतःचा सुमारे दहा हजार डॉलरचा वाटा तिनं शहरातल्या संस्थांना देऊन टाकला, आणि दौऱ्याच्या कमाईतून स्वीडनमध्ये शाळांसाठी निधी उभा केला. व्यवहारात ती काटेकोर होती, म्हणून तिला देता आलं. आपली किंमत शून्य सांगणाऱ्या गायिकेकडून दुसरा आयोजकही शून्याचीच अपेक्षा करतो.

मात्र तुम्ही विद्यार्थी व्हिसावर आहात. स्वतंत्र कलाकार म्हणून मानधनाचं बिल करायचं असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी लागते, ती आहे का ते बघा. (सरांच्या लग्नांच्या सल्ल्यालाही हेच लागू!) शिवाय घेतलेलं मानधन हे उत्पन्न धरलं जातं आणि मग दिलेली देणगी वजा होते, ती उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत. तुमच्या उत्पन्नात बहुधा याचा फरक पडणार नाही. तेव्हा तुमच्या स्वतःच्या मैफलीत सध्या मानधन न घेता गाणं सोपं. पुढे नोकरी लागल्यावर मी सांगते तसं करा, आणि ऑपेरा हाऊसमध्ये कायम करार असेल तर बाहेर गायला तिथली परवानगी घ्या.

जागा आणि कार्यक्रम. कॅथलिक चर्च असेल तर लक्षात ठेवा, १९८७ मध्ये व्हॅटिकननं चर्चमधल्या मैफलींबद्दल मार्गदर्शन दिलं त्यात प्रवेश विनामूल्य असावा असं म्हटलं आहे, आणि संगीतही त्या वास्तूला साजेसं हवं. म्हणून प्रेमात वेड्या झालेल्या नायिकांची गाणी तिथं चालतीलच असं नाही. प्रोटेस्टंट चर्च बहुधा सैल असतात. पाळकांना गाण्यांची यादी आधी दाखवा. ऑरेटोरिओमधली सोप्रानोची गाणी आणि ऑपेरातल्या प्रार्थना एवढ्यावर सुंदर कार्यक्रम होतो. जर्मनीत रचनाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क असतात. हँडेल, मोझार्ट, व्हेर्दी, पुच्चिनी मोकळे आहेत, १९४९ मध्ये गेलेला रिशार्ड श्ट्राउसही आता मोकळा आहे. हक्क अजून चालू असलेलं काही गायचं तर मैफल गेमाकडे, म्हणजे संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या जर्मन संस्थेकडे, कळवावी लागते, मदतनिधीसाठी असली तरी.

लांबी सत्तर मिनिटं, मध्यंतर नको. मध्यंतरात माणसं निघून जातात आणि टोपलीपाशी शेवटी कुणी उरत नाही. कामाबद्दल बोलायचं ते सुरुवातीला नको. सुरुवातीला लोकांचे कोट ओले असतात, मन अजून बाहेर असतं. शेवटच्या दोन गाण्यांआधी चार मिनिटं बोला. संस्थेचं कुणी येणार असेल तर त्यांनी, नाहीतर तुम्ही, कागद हातात न धरता, जर्मनमधून. तिथं काय पाहिलंत ते एक, महिन्याचा खर्च तो आकडा एक, आणि पुढच्या वर्षी याच सुमाराला मी इथं पुन्हा गाणार आहे हे एक. मग दोन गाणी. शेवटचं गाणं शांत असू द्या, उंच सूर दाखवायचं नको. टाळ्या संपल्या की आत जाऊ नका, दाराशी टोपलीजवळ जाऊन उभ्या राहा. लोकांना गायिकेशी दोन शब्द बोलायचे असतात, आणि तेव्हाच त्यांच्या हाती पाकीट आणि नोंदणीचा फॉर्म देता येतो. टोपली धरायला दुसरं कुणी ठेवा, तुमचे हात हस्तांदोलनाला मोकळे हवेत.

आपले मराठी लोक ऑपेराला येतील का, ही तुमची शंका रास्त आहे. एकट्या ऑपेरासाठी थोडे येतील. इथं मला 'संयुक्त मानापमान' आठवतं. ८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्शचे केशवराव भोसले आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, दोन स्पर्धक कंपन्यांचे मालक, एकाच प्रयोगात उभे राहिले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोघांचे चाहते वेगळे होते, ते सगळे एका थिएटरात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. तुम्हीही मंडळातल्या एखाद्या चांगल्या नाट्यगीत गाणाऱ्याला अर्धा कार्यक्रम द्या. जर्मन श्रोत्यांनी कधी न ऐकलेलं ते ऐकतील, आणि मराठी माणसं तुमचंही ऐकतील. फक्त एक विनंती, ऑपेराच्या तयारीच्या आवाजात नाट्यगीत स्वतः गाऊ नका. तानेची जात वेगळी, शब्द टाकायची रीत वेगळी. ज्याचं आहे त्यानं गावं, तबला आणि हार्मोनियमसकट, आणि त्या साथीदारांनाही मानधन.

आजारी मुलांचे फोटो पडद्यावर किंवा पोस्टरवर लावू नका. ती मुलं मोठी होणार आहेत, आणि टक्कल पडलेला आपला चेहरा परक्या गावातल्या भिंतीवर होता हे त्यांना कधीतरी कळेल. खोलीचा फोटो चालतो, स्वयंपाकघराचा चालतो. तुमच्या नावाचंही तसंच. इटलीचा ऑपेरा रचनाकार व्हेर्दी यानं मिलानमध्ये वृद्ध, निर्धन संगीतकारांसाठी घर बांधलं, तेव्हा ते आपल्या मृत्यूनंतरच उघडावं असा आग्रह धरला, म्हणजे राहणाऱ्यांना आभार मानायला त्याच्यापुढे यावं लागू नये. तो १९०१ मध्ये गेला, घर १९०२ मध्ये उघडलं, आणि त्याच्या ऑपेरांच्या रॉयल्टीवर ते पुढे कित्येक वर्षं चाललं. पोस्टरवर तुमचं नाव मोठं असलंच पाहिजे, त्याशिवाय श्रोते येणार नाहीत. पण मुंबईत जाल तेव्हा सत्काराला नम्रपणे नाही म्हणा.

तिथं मुलांसमोर गावं का, हेही तुम्ही विचारलंय. जरूर गा, पण तो वेगळा विषय समजा. छोट्या खोलीत ऑपेराचा पूर्ण आवाज लहान मुलाला भीती वाटेल इतका मोठा होतो. अर्ध्या आवाजात, बसून, मराठी बडबडगीतं आणि अंगाई गा. ती मुलं तुमच्याबरोबर गातील असं काही. साधी सर्दी असली तरी जाऊ नका, उपचार चालू असलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती फार कमी असते. अमेरिकन मेझो जॉइस डिडोनाटो २०१५ पासून न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगात कार्नेगी हॉलच्या उपक्रमातून जाते, तिथल्या कैद्यांनी केलेल्या रचना त्यांच्याबरोबर गाते. तिथं ती एका पैशाचाही निधी गोळा करत नाही आणि तरी ते मोठं काम आहे. मैफलीतून निधी आणि प्रत्यक्ष सहवास या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्यात, तर दोन्ही नीट होतील.

एवढं सगळं वाचून गोंधळ व्हायला नको म्हणून क्रम सांगते. आधी संस्था आणि तिची एफसीआरए नोंदणी. मग इथला फेराइन. मग खर्च उचलणारे तीनचार जण. मग चर्च, पियानोवादक, आणि सगळ्यात शेवटी गाणी. बहुतेक गायक उलट क्रमानं जातात, गाण्यांपासून सुरू करतात, ते साहजिकही आहे. यातलं एखादं सुरुवातीचं पाऊल अडलं, म्हणजे संस्थेची नोंदणीच नसली, तर मैफल पुढे ढकला आणि यंदा सरांचा सल्ला ऐका, व्हिसा परवानगी देत असेल तर. स्वतःच्या कमाईचे पैसे तुम्ही भारतीय नागरिक म्हणून थेट पाठवू शकता.

मैफल झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत हिशेब पाठवा. किती जमले, किती पाठवले, खर्च कुणी केला. ज्यांनी ईमेल लिहून दिला त्या सगळ्यांना, आणि चर्चच्या सूचनाफलकावर. सहा महिन्यांनी संस्थेकडून एक छोटं पत्र मागवून तेही पाठवा. दुसऱ्या वर्षी माणसं येतात ती या दोन पत्रांमुळे.

तुम्ही आगमनकाळाचा, म्हणजे डिसेंबरचा विचार करत असाल तर चर्चच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच भरतात, म्हणून पाळकांना फोन याच आठवड्यात करा आणि तारीख तात्पुरती धरून ठेवायला सांगा. संस्थेचं उत्तर आलं की इथंच लिहा. गाण्यांची यादीही टाका, क्रम लावायला मी मदत करीन.